वैरिणीची साक्ष

तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. सैन्यात असताना कुणीतरी हे नाव ठेवलं आणि नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून ती शिकाऊंना अशी काही फैलावर घ्यायची, की चांगले मिशीवाले गडी घाम पुसत खाली उतरायचे. “क्लच आहे तो, झुरळ नाही! दिसला की चिरडायचा?” पण तिच्या हाताखाली शिकलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे, म्हणून स्कूलचा मालक तिचं सगळं ऐकून घ्यायचा.

त्या दिवशी चौकात ती एका शिकाऊ बाईला म्हणाली, “डावीकडे घे.” बाईनं मुकाट्यानं डावीकडे घेतली. तोफेच्या मनात उजवी बाजू होती. मनात एक शब्द, तोंडात दुसरा. हे अलीकडे वरचेवर व्हायचं आणि ती कुणाला सांगायची नाही. समोर औषधाच्या दुकानाचं शटर दिसलं तेव्हा तिनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. दाबला असं तिला वाटलं. पाय ब्रेकवर होता, पण जोर पडलाच नव्हता, आणि पायाला ते कळलंही नव्हतं. शटरला पोचा पडला, गाडीचा दिवा फुटला, शिकाऊ बाई रडायला लागली. कुणाला लागलं नाही एवढंच नशीब.

संध्याकाळी मालकानं हात पुढे करून किल्ल्या मागितल्या.

“ताई, थोडे दिवस विश्रांती घ्या.”

“विश्रांती कसली? हाकलतोयस, तर तसं म्हण.”

“बरं, म्हणतो. उद्यापासून येऊ नका.”

तिला वाटलं होतं तो ओशाळेल. तो ओशाळला नाही. किल्ल्या टेबलावर आपटून ती बाहेर पडली, आणि रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली, कारण तळपाय असे पेटले होते जणू कुणी त्यांखाली निखारे पसरलेत.

ती सैन्यात गेली ती देशासाठी वगैरे नव्हे. तिला मोठी गाडी चालवायची होती, आणि तिच्या शहरात बाईच्या हातात ट्रक द्यायला कुणी तयार नव्हतं. सैन्यानं दिला. लढाई पेटली तेव्हा तिच्या वाट्याला पाण्याचा टँकर आला आणि सोबत एक जोडीदारीण. तोफ धडधडणारी, तर जोडीदारीण वाळक्या काटकीसारखी, हळू बोलणारी. दोघी आळीपाळीनं टँकर चालवायच्या. शत्रू त्यांनी कधी पाहिला नाही. पाहिला तो खड्डा.

तळाच्या कडेला शाळेच्या मैदानाएवढा खड्डा होता. तळावर जे जे नको असेल ते त्यात जायचं. टायर, बॅटऱ्या, रंगाचे पिंप, प्लॅस्टिकच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधं, इस्पितळाच्या तंबूतला कचरा. वरून इंधन ओतायचं आणि पेटवून द्यायचं. तो खड्डा कधी विझलाच नाही. टँकर भरायची जागा नेमकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा पडला की धूर जमिनीलगत लोळायचा आणि केबिनमध्ये येऊन बसायचा, आगंतुक पाहुण्यासारखा. शिंकलं तर काळं यायचं. जोडीदारीण तोंडाला ओला रुमाल बांधायची. तोफेला तेवढा धीर नसायचा, ती धुराला शिव्या द्यायची. एकदा तिनं साहेबाकडे जाऊन टँकर भरायची जागा बदला म्हणून सांगितलं. साहेब म्हणाला, “लढाईत माणसं गोळीनं मरतात. धुरानं मेलेलं कुणी मी पाहिलं नाही.”

घरी परतल्यावर पहिल्याच वर्षी हातांवर चट्टे उठले. मग नाकातून रक्त, मग सांध्यांचं दुखणं, मग ही शब्दांची अदलाबदल. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. प्रत्येक डॉक्टर कागद उलटसुलट करून म्हणायचा, “रिपोर्टमध्ये तर काही नाही.” जणू काही तीच रिपोर्टच्या विरोधात कट करून आली होती.

ती धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ छापखान्यात कामाला, स्वभावानं इतका गरीब की दोन बायकांच्या कात्रीत सापडूनही ओरडायचा नाही. भावजय पुढच्या खोलीत मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची. तोफेला तोंड होतं, तर भावजयीला जीभ होती, आणि जिभेची धार जास्त. एका म्यानात दोन तलवारी. सकाळी पाण्यावरून सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत.

“काम म्हटलं की वन्संचे हात दुखतात,” भावजय सुईत दोरा ओवता ओवता भिंतीला सांगायची. “ताट वाढलं की बरोबर बरे होतात. बाई बाई, काय शहाणं दुखणं!”

“तुझ्या हातचं खाऊनच आजारी पडले असेन,” आतून तोफ डागायची.

“मग उठा आणि करून खा. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला ब्रह्मदेव उठवणार नाही.”

‘सोंग’ हा शब्द तोफेला सगळ्यात जास्त लागायचा. शिवीला तिच्याकडे शिवी होती. सोंगाला उत्तर नव्हतं, कारण कधी कधी भल्या पहाटे जाग आली की तिला स्वतःलाच शंका यायची.

नोकरी गेली तेव्हा माजी सैनिकांच्या कार्यालयात अर्ज करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आजार सैन्यातल्या कामामुळे झाला असं ठरलं, तर उपचार आणि निर्वाह दोन्ही सरकारनं पाहायचं, असा नियम होता. ठरवणार मंडळ. मंडळ म्हणजे तीन डॉक्टर, त्यांतला मधल्या खुर्चीतला अध्यक्ष. तारीख आली त्या दिवशी भावाला छापखान्यातून सुटी मिळेना. कार्यालय जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तोफेला एकटीनं जिने चढणं शक्य नव्हतं. शेवटी भावजय मशीनवर कापड झाकून निघाली, आणि एकेका पायरीला, “माझे आज एवढे शर्ट झाले असते,” असं ऐकवत तिला वर घेऊन गेली.

अध्यक्षांची नखं स्वच्छ होती आणि आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांची तोफेला पहिल्यापासून चीड.

“लग्न नाही केलंत?” त्यांनी विचारलं.

“केलं असतं तर चट्टे नवऱ्याला उठले असते का?”

“चिडू नका. झोप लागते का? एकटं वाटतं? एखादा छंद वगैरे?”

“मी खड्ड्याबद्दल सांगायला आलेय.”

“आमच्या नोंदीप्रमाणे त्या तळावर कचऱ्याची विल्हेवाट नियमानुसारच होत होती.” ते शेजारच्या डॉक्टरकडे वळून हलकेच म्हणाले, “अशा केसेसमध्ये बऱ्याचदा थोडी अतिशयोक्ती असते. लक्ष वेधून घ्यायची गरज असते माणसाला.”

तोफ उठायच्या बेतात होती. टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिनं डोळ्यांनी हेरूनही ठेवला होता. पण तिच्या आधी दाराजवळच्या बाकावरून भावजय उठली.

“अहो, अतिशयोक्ती कुणाची?”

“तुम्ही कोण?”

“वैरीण समजा.”

“म्हणजे, नात्यानं?”

“नात्यानं भावजय. हिला खोटारडी म्हणायचा हक्क माझा आहे, मी हिचं रोज निस्तरते. तुम्ही कोण लागून गेलात? हिच्या उशीचे अभ्रे कोण धुतं? रक्त वाळलं की निघत नाही, ठाऊक आहे? हिच्या शर्टाची बटणं मी लावते आणि लावताना शिव्या खाते. थंडीच्या दिवसांत ही ओल्या फरशीवर पाय ठेवून बसते. चमचा हवा असला की म्हणते ‘गिअर दे’, आणि मी हसले की रडते. ही तोफ, रडते! सोंग करणारं माणूस बघणाऱ्यासमोर करतं हो, मोरीचं दार लावून नाही करत.”

तोफेचे कान तापले. मोरीच्या दाराआडचं या बाईला कळत होतं, याचीच तिला जास्त लाज वाटली. “गप्प बस,” ती म्हणाली.

“तुम्ही गप्प बसा! वर्षभर घसा फोडताय, इथं आल्यावर धड सांगता येत नाही!”

“मला येत नाही? तू मध्ये तोंड घातलंस म्हणून—”

“घालणार! तीन मजले ओढत आणलंय मी!”

दोघी मंडळासमोरच जुंपल्या. अध्यक्षांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. आम्हाला जे पाहायचं होतं ते पाहायला मिळालं.”

निकाल घरी आला तो भावानं जेवताना वाचून दाखवला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. सैन्यातल्या कामाशी आजाराचा संबंध दिसत नाही. घरातल्या सततच्या कलहामुळे, विशेषतः भावजयीशी असलेल्या वैरामुळे, मनावर ताण येऊन शारीरिक लक्षणं उद्भवली असावीत. घरातलं वातावरण सुधारावं, असा सल्ला.

तोफ हसत सुटली. खूप दिवसांनी तिला असं पोटातून हसू आलं होतं, आणि त्यात आनंद काडीचा नव्हता.

भावजय हसली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला. “म्हणजे? आजार मी दिला?”

“त्यांचं म्हणणं तसं दिसतंय,” भाऊ पुटपुटला.

“यांच्या सरकारनं धूर पाजला आणि नाव माझं? चोर तो चोर आणि वर शिरजोर! मी काय टायर जाळले हिच्या नाकाखाली? उद्या शेजारीपाजारी काय म्हणतील, नणंदेला भावजयीनं आजारी पाडलं!”

“आधीपासूनच म्हणतात,” तोफ म्हणाली.

“तुम्ही बोलू नका!”

पण दुसऱ्या दिवशी भावजयीनं मशीन उघडलं नाही. तोफेपुढे येऊन उभी राहिली. “ती तुमची टँकरवरची मैत्रीण कुठं असते? तिला काय होतंय?”

“चट्टे. खोकला. आता चालवत नाही तिला.”

“भावजय आहे तिला?”

“भाऊच नाही, भावजय कुठली? म्हातारी आई आहे. मायलेकींमध्ये कधी वरचा सूर लागत नाही.”

“बास,” भावजय म्हणाली. “मग तिला कुणी आजारी पाडलं, तेवढं मला त्या मऊ आवाजाच्या बाबाला विचारायचंय.”

तोफेला हे काही रुचलं नाही. आपली लढाई आपल्या हातून निसटून या बाईच्या हातात चालली, असं तिला वाटलं. पण पाय तिचे चालत नव्हते, भावजयीचे चालत होते. गणवेशांची कामं सांभाळून भावजय बस बदलत बदलत एकेकाकडे जाऊन आली. आधी जोडीदारीण. तिच्याकडून तळावरच्या मेकॅनिकचा पत्ता मिळाला. त्याचं घरी इतकं गोडीगुलाबीचं होतं, की त्याची बायको बोलताना त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होती. आणि त्याच्या हातांवर तेच चट्टे होते. परत आल्यावर भावजय उंबऱ्यातच चपला भिरकावून म्हणाली, “मेल्यांचा संसार बघून माझ्या पोटात दुखलं. पण आजार तोच.”

“मग आता खोटारडी नाही ना म्हणणार?”

“म्हणणार की. निम्मं खोटंच असतं तुमचं. मला फक्त उरलेलं निम्मं सिद्ध करायचंय.”

फेरविचाराच्या सुनावणीला ते सगळे आपापले अर्ज घेऊन आले. जोडीदारणीला खुर्चीत बसवून कार्यालयाच्या दोघा शिपायांनी उचलून जिना चढवला, प्रत्येक मजल्यावर ती हळूच “माफ करा हं” म्हणायची आणि तोफ ओरडायची, “माफी कसली मागतेस, लिफ्ट यांची बंद आहे!” मेकॅनिक बायकोसह आला. अध्यक्ष तेच होते. एवढी माणसं पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, हे कार्यालय आहे, बाजार नाही.”

“बाजारात निदान माल बघून भाव करतात,” भावजय म्हणाली. “तुम्ही न बघताच केला. आता बघा. ही हिची जोडीदारीण. हिच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही. हा मेकॅनिक. बायकोनं ह्याला तळहाताच्या फोडासारखं जपलंय. तिघांची घरं वेगळी, भांडणं वेगळी, एकाकडे तर भांडणच नाही. एकच गोष्ट सारखी. तो खड्डा. आता सांगा, मी एकटी किती घरांत जाऊन कलह करून आले?”

डाव्या बाजूचा डॉक्टर हसला आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तिघांचे हात पाहिले, पाय टोचून पाहिले, या वेळी नीट पाहिले. मग जोडीदारणीला विचारलं, “तो खड्डा तुमच्यापासून किती लांब होता?”

“लांब नव्हताच, साहेब,” ती म्हणाली. “केबिनची काच वर केली तरी आत यायचा.”

तोफेला वाटलं आता गड सर झाला. महिन्याभरानं तिघांचा निकाल आला. घरातल्या कलहाचं वाक्य काढलं होतं. आजार खरा आहे, हे मान्य केलं होतं. मात्र वैद्यकशास्त्राला त्याचं कारण सांगता येत नाही. कारण सांगता येत नाही म्हणून सरकारची जबाबदारी ठरत नाही. तरीही मानवतेच्या भावनेतून सरकारी इस्पितळात मोफत उपचार दिले जातील.

“सुटले मी,” भावजय म्हणाली, आणि मशीनला पाय लावला.

तोफ मात्र धुमसत राहिली. “मानवता? मी भीक मागायला गेले होते? खड्डा यांनी खणला, पेटवला यांनी, आणि वर माझ्यावर उपकार?”

“उपचार तर मिळताहेत ना! घ्या आणि गप्प पडा. शब्द चाटायचेत का?”

“हो, चाटायचेत! माझ्याकडे शब्दच कमी उरलेत, निदान हा एक तरी बरोबर लिहा म्हणावं.”

भावजय खाली मान घालून शिवत राहिली.

उपचारांनी चट्टे थोडे बसले, पायांची आग कधी कमी, कधी तशीच. शब्द काही परतले नाहीत. आणि जोडीदारीण त्या उन्हाळ्यातच गेली, इस्पितळात तिचा नंबर लागण्याआधी. खोकता खोकता गेली, म्हणाली तिची आई, आणि शेवटपर्यंत त्रास देते म्हणून माफी मागत होती. तोफेनं ते ऐकलं आणि भिंतीवर हात आपटला. साहेबानं पाहिला नव्हता तो धुरानं मेलेला माणूस तिनं पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात जोडीदारणीच्या आईला घेऊन ती कार्यालयात गेली. भावजयही आली; म्हातारी एका हाताला, नणंद दुसऱ्या हाताला, आणि तोंडानं अखंड कुरकुर. खिडकीतल्या कारकुनानं प्रकरण काढून पाहिलं आणि सहानुभूतीचा चेहरा करून म्हणाला, “वाईट झालं. पण अर्जदारच हयात नाहीत म्हटल्यावर प्रकरण आपोआप बंद होतं. आता उपचार कुणावर करणार?”

“उपचार मागतंय कोण?” तोफ म्हणाली. “हिची लेक कशानं गेली तेवढं सांगा. आणि ‘आमच्यामुळे गेली’ असं सांगा. तिच्या आईला तोंडावर सांगा.”

“तसा आमच्याकडे अर्ज नसतो.”

“मग साध्या कागदावर करते.”

“साध्या कागदावर आम्ही घेत नाही.”

“घेतील,” भावजय म्हणाली, आणि खिडकीसमोरचं लाकडी बाक ओढून म्हातारीला त्यावर बसवलं. “आज नाही घेतलं तर परवा घेतील. वन्सं, तुम्ही पण बसा. उभ्यानं पाय पेटले की मग मलाच ऐकावं लागतं.”

“तुला कुणी बोलावलं होतं?”

“कुणी नाही. सरका तिकडे.”

मागच्या रांगेतली माणसं ओरडायला लागली, पुढे व्हा म्हणून. तोफ वळली आणि त्यांच्यावर अशी काही कडाडली, की कारकुनानं खिडकीची काच लावून घेतली. तिनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि ते थांबवलं नाही.